इंग्रजीच्या एम. ए.चे प्रकल्प आणि त्यांतील 'मी'

दरवर्षी उन्हाळ्यात एखाद्या महाविद्यालयाचे पत्र येते. एम. ए. इंग्रजीच्या शेवटच्या सत्रातील प्रकल्पांची मौखिक परीक्षा आहे, बहिःस्थ परीक्षक म्हणून यावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलला आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प करणे भाग झाले. कोठे कोठे संशोधनाऐवजी अनुवाद, कथा, कविता असे सर्जनशील काम दिले तरी चालते. गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी मी असे १९ प्रकल्प दोन दिवसांत वाचले. त्यांतील ११ विद्यार्थी दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या घरांतून आलेले होते. या लेखात मला त्या प्रकल्पांची समीक्षा करायची आहे. विद्यार्थ्यांची आणि महाविद्यालयाची नावे मी देणार नाही.

विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या कागदांची कसली समीक्षा, असे कोणी म्हणेल. समीक्षा छापील पुस्तकाची असते, अशी आपली समजूत आहे. ती प्रस्थापितांनी करून दिलेली आहे आणि आपणही ती निमूटपणे स्वीकारली आहे. ज्या मुलाच्या घरात त्याच्यापूर्वी कोणी दहावीपलीकडे गेले नाही, तो साठ-सत्तर पाने सलग लिहितो, ही साधी घटना नव्हे. बहुतेकांच्या आयुष्यातले ते पहिले दीर्घ लेखन असते आणि शेवटचेही. त्यानंतर सेट-नेट, बी. एड., तलाठ्याची परीक्षा, पोलीस भरती. एक पिढी एकदाच एवढे लिहिणार असेल, तर त्या लिहिण्यात ती काय बोलली आणि काय गिळून बसली, हे पाहणे हे या नियतकालिकाचे कामच आहे.

प्रथम सर्वसाधारण प्रकल्पांविषयी. त्यांवर फार वेळ घालवावा असे काही नाही. काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरे, आत पाच प्रकरणे. शशी देशपांडे यांच्या कादंबरीतील स्त्रीवाद, अनिता देसाई यांच्या कादंबरीतील एकाकीपण, झुंपा लाहिरी यांच्या 'द नेमसेक'मधील स्थलांतरितांचे दुभंगलेपण, टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'मधील आघात. पहिल्या प्रकरणात लेखकाचे चरित्र, दुसऱ्यात सिद्धान्त, तिसऱ्या-चौथ्यात कथानक, पाचव्यात पहिल्या चार प्रकरणांचीच पुन्हा उजळणी. वाङ्मयचौर्य मोजण्याचे यंत्र आता विभागात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्याचे नियम केले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य खपते, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. परंतु आता लिहून देणारी यंत्रेही आली आहेत, आणि त्यांनी लिहिलेले पहिल्या यंत्राच्या चाळणीत अडकतेच असे नाही. १९ पैकी निदान चार प्रकल्पांचे इंग्रजी असे होते की त्यात एकही चूक नव्हती आणि एकही वाक्य कोणा माणसाचे नव्हते. उलट ज्या मुलीने बाबासाहेबांचे उतारेच्या उतारे प्रामाणिकपणे अवतरणचिन्हांत दिले होते, तिच्या प्रकल्पावर विभागाने लाल शेरा मारला होता. अवतरणे वगळून मोजायचे असते हे मापनाला बसलेल्या गृहस्थांच्या ध्यानात आले नव्हते. ते मी दाखवून दिले, शेरा पुसला गेला. यंत्र चोरी मोजते. मौन मोजण्याची सोय त्यात नाही.

मी आता एक सवय लावून घेतली आहे. प्रकल्प हातात आला की आधी ऋणनिर्देश वाचतो. माननीय प्राचार्य, आदरणीय विभागप्रमुख, मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि शेवटच्या ओळीत आईवडिलांचे आशीर्वाद. १५ प्रकल्पांत हा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा होता. चार प्रकल्पांत मात्र त्या शेवटच्या ओळीला फाटा फुटला होता. एकाने लिहिले होते की माझे वडील गवंडीकाम करतात. एकीने लिहिले होते की आईने चार घरची धुणीभांडी करून माझी फी भरली. योगायोग नव्हे, की वाचण्यासारखे चार प्रकल्पही नेमके तेच निघाले. ऋणनिर्देशात जो 'मी' डोके वर काढतो, त्याला पुढे प्रकरणांत शिरायचे असते. प्रश्न असा आहे की त्याला दारातच अडवतो कोण?

येथे मला स्वतःविषयी लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा होईल. १९९३ साली मी एम. फिल.साठी लघुप्रबंध लिहिला. विषय टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही १९२२ची दीर्घ कविता. तिच्यातील दुष्काळ, कोरडे खडक, न येणारा पाऊस, पाण्याची प्रतीके. नव्वद पाने लिहिली. आता, मी १९७२च्या दुष्काळातला मुलगा. तेव्हा सहा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, मी खडीच्या ढिगाच्या सावलीला बसे. तेथे मिळणाऱ्या सुकडीची चव माझ्या जिभेवर अजून आहे. त्या नव्वद पानांत १९७२ हे साल एकदाही आले नाही. मला कोणी मनाई केली नव्हती. माझे मार्गदर्शक सज्जन होते, त्यांनी विचारलेच असते तर मी लिहिलेही असते. परंतु ते विचारतील असे त्यांच्या मनात आले नाही आणि सांगावे असे माझ्या मनात आले नाही. एलियटला युरोपच्या आत्म्याचा दुष्काळ दिसत होता. मला पोटाचा दुष्काळ ठाऊक होता. या दोहोंची गाठ घालून देणे हेच माझे संशोधन झाले असते. त्याऐवजी मी फ्रेझर आणि जेसी वेस्टन यांच्या पुस्तकांतले उतारे काढीत बसलो. लघुप्रबंधाला उत्तम श्रेणी मिळाली. तो आता त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोठेतरी असेल. पाहायला जावे असे मला कधी वाटले नाही.

म्हणून मी 'सिद्धान्त नको, अनुभव सांगा' असे म्हणणाऱ्यांतला नाही. ती वाट मला घातक वाटते. सिद्धान्त सवर्णांनी करावा आणि दलितांनी अनुभवाचा कच्चा माल पुरवावा, ही नवी बलुतेदारीच झाली. प्रश्न सिद्धान्त घेण्याचा नाही, तो कशासाठी घ्यायचा याचा आहे. याचे उत्तर आपल्यापाशी शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात एका २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आज आपण तो बाबासाहेबांचा ग्रंथ म्हणून वाचतो. परंतु तो होता विद्यार्थ्याचा निबंध, वर्गात वाचलेला. तो विद्यार्थी काय करतो? सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या एकेक करून पुढे ठेवतो आणि प्रत्येकीत काय कमी पडते ते सांगतो. केतकरांचे श्रेयही मोकळेपणाने देतो. मग स्वतःचे म्हणणे मांडतो की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या बंदिस्तीतून निघतात. ती बंदिस्ती समाजभर कशी पसरली हे सांगताना तो फ्रेंच विचारवंत टार्द याचा अनुकरणाचा नियम वापरतो. टार्दचे नाव तेथे ढालीसारखे येत नाही. पहारीसारखे येते, काहीतरी उकरून काढण्यासाठी. शेवटी तो असेही म्हणतो की माझे म्हणणे चुकीचे ठरले तर ते सोडायला मी तयार आहे. आमच्या प्रकल्पांत स्पिवाक येतात, फूको येतात, होमी भाभा येतात. ते येतात आणि मुलगा त्यांच्यामागे लपतो.

आणि याहून जुना दाखला हवा असेल तर १८५५चा आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता, वय चौदाच्या आसपास, शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न. इमारतीच्या पायात माणसे पुरण्याची गोष्ट ती सांगते, छपराविना बाळंत होणाऱ्या बायांची गोष्ट सांगते. शाळेत शिकलेली भाषा आणि घरी पाहिलेले जिणे यांच्यात तिने भिंत उभी केली नाही. तिच्या गुरूंनीही केली नाही, हे महत्त्वाचे.

आता त्या चार प्रकल्पांकडे येतो.

गवंड्याच्या मुलाने अरुंधती रॉय यांची १९९७ची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' घेतली होती. पहिली चाळीस पाने नेहमीची. पुढे एका पानावर एकच परिच्छेद असा होता की मी थांबलो. कादंबरीतला वेलुथा हा परवन जातीचा कुशल सुतार. लोणच्यांच्या कारखान्याची यंत्रे तोच दुरुस्त करतो. मालकीण मम्माची त्याला स्पृश्य सुताराहून कमी आणि परवनाहून जास्त मजुरी देते. कादंबरीत ही गोष्ट एका वाक्यात येऊन जाते आणि समीक्षक बहुधा वेलुथाच्या प्रेमाकडे, त्याच्या देहाकडे, त्याच्या मृत्यूकडे धावतात. हा मुलगा त्या मजुरीपाशी थांबला. त्याने लिहिले की ही मधली मजुरी म्हणजे कौशल्याला दिलेली किंमत आणि जातीला दिलेला दंड, दोन्ही एकाच पाकिटात. इतर कामगारांचा वेलुथावरील राग येथून सुरू होतो. पुढे त्याने असेही विचारले की आपल्याला वेलुथाचे हात दिसतात, पाठ दिसते, पण तो मोर्चात चालताना कसला विचार करतो हे किती कळते? मला हा प्रश्न त्या कादंबरीवरील पुष्कळ छापील समीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. तोंडी परीक्षेत मी त्याला विचारले, हे तुला कसे सुचले? तो दहा-पंधरा मिनिटे बोलला. वडील गवंड्याच्या हाताखाली होते तेव्हाची मजुरी, स्वतः गवंडी झाल्यावरची मजुरी, आणि त्याच कामासाठी दुसऱ्या जातीच्या गवंड्याला मिळणारी मजुरी. सगळे आकडे तोंडपाठ. मी म्हटले, "मग हे लिहिले का नाहीस?" तो म्हणाला, "सर, व्यक्तिगत नको म्हणाले."

कोण म्हणाले, हे मी विचारले नाही. त्याचे मार्गदर्शक माझ्या शेजारीच बसले होते. तेही आपल्यातलेच. दहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात, तासावर पैसे मिळतात, सुट्टीत काहीच नाही. कायम जागेच्या मुलाखतीत त्यांना 'वस्तुनिष्ठ' दिसायचे असते. त्यांच्यावर राग काढणे सोपे आहे आणि अन्यायाचेही.

दुसरा प्रकल्प जेन ऑस्टिनवर. येथे एक गोष्ट ठासून सांगतो. दलित विद्यार्थ्याने दलित विषयच घ्यावा, हा आग्रह आपल्यातले काही कार्यकर्ते धरतात. मला तो मान्य नाही. विषयांचीही जातवारी लावायची काय? या मुलीने 'प्राइड अँड प्रेजुडिस' घेतली आणि प्रेमाची गोष्ट म्हणून वाचायचे नाकारले. तिने हिशेब मांडला. बेनेट कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण इस्टेट पुरुष वारसाकडेच जायची, म्हणजे पाच मुली असून ती कॉलिन्सच्या घशात. बिंगलीचे चार-पाच हजार, डार्सीचे दहा हजार. जमीन घराण्यात राहावी म्हणून मुलींच्या लग्नांवर केवढा पहारा! आणि येथे तिने १९१६चा तो निबंध उघडला. आपल्याकडे जात जे काम करते त्याचा एक भाग तेथे वारसाहक्काचा कायदा करतो, असे तिचे म्हणणे. तुलना ताणली आहे, मी तिला तसे सांगितलेही. इंग्लंडात डार्सी एलिझाबेथशी लग्न करू शकतो, त्याची मावशी चिडते एवढेच. आपल्याकडे मावशीच्या चिडण्यावर भागत नाही. ती म्हणाली, "सर, तो फरक पाचव्या प्रकरणात आहे." होता. माझ्या नजरेतून सुटला होता. बाबासाहेबांच्या अवतरणांवर जो लाल शेरा होता, तो याच मुलीच्या प्रकल्पावर.

सर्जनशील प्रकल्पांबाबत मात्र मी अधिक कठोर होणार आहे. कारण तेथे 'मी' आपोआप येईल अशी सर्वांची समजूत असते आणि ती चूक आहे. एका मुलाने चोवीस इंग्रजी कविता दिल्या. साखळ्या, अंधार, रक्त, सूर्य, मूकांचा आवाज. विद्रोहाची सगळी शब्दसामग्री हजर. गाव नाही, गल्ली नाही, माणसाचे नाव नाही, एखाद्या भांड्याचेसुद्धा नाव नाही. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा मराठी वाचक हादरला तो निव्वळ क्रोधाने नव्हे. त्यात एक वस्ती तिच्या बोलीसकट, तिच्या धंद्यांसकट उभी होती. ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट झाली आणि आमचा मुलगा त्या क्रोधाचे टरफल इंग्रजीत नेऊन ठेवतो. तो क्रोध खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो त्याच्या स्वतःच्या क्रोधापर्यंत अजून पोचलेला नाही, असे म्हणतो. ते मी त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. परीक्षकाने असे बोलावे की नाही याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

एका मुलीची इंग्रजी कथा होती. नायिका रिया, मुंबईच्या फ्लॅटच्या खिडकीत कॉफी घेऊन पाऊस पाहते, नवऱ्याला वेळ नाही. लेखिका फ्लॅटमध्ये कधी राहिलेली नाही, हे पानोपानी कळते. पण त्या कथेत एक मोलकरीण आहे. तिला नाव नाही. ती दोनदाच बोलते. एकदा म्हणते, बाई, भांडी कमी काढत जा, पाणी जाणार आहे. दुसऱ्यांदा म्हणते, उद्या येणार नाही, मुलीचा निकाल आहे. बारा पानांत हीच दोन वाक्ये जिवंत. ऋणनिर्देशात आईच्या धुण्याभांड्यांचा उल्लेख करणारी मुलगी ती हीच. आपली कथा खिडकीत नसून मोरीत आहे, हे तिच्या हाताला कळले होते, तिला कळले नव्हते. मी तिला चांगले गुण दिले ते त्या दोन वाक्यांसाठी आणि ते तिला सांगितले. ती काही बोलली नाही. बाहेर गेल्यावर रडली, असे नंतर कळले. का रडली ते मला ठाऊक नाही.

अनुवादाचाही एक प्रकल्प होता. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ४० ओव्या, बाबासाहेबांवरच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत, त्यांची वाट या मुलीला ठाऊक होती, ही चांगली गोष्ट. पण ओवीत 'गं बाई', 'माझ्या सखे' अशी जी हाक असते, ती तिने सगळीकडे गाळली. पुनरुक्ती वाटते म्हणून. मग उरली ती निवेदने. ओवी ही कोणाला तरी ऐकवण्यासाठी असते, जात्याच्या पलीकडे दुसरी बाई बसलेली असते, आणि ती दुसरी बाईच अनुवादातून उठून गेली. 'भाकर' हा शब्द तिने 'ब्रेड' केला. याला तिच्यापाशी आधार होता. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली संपादित केलेल्या इंग्रजी संग्रहाला बंधुमाधव यांच्या कथेवरून 'पॉयझन्ड ब्रेड' हे नाव मिळाले होते. मी म्हटले, तेव्हा दार उघडायचे होते, हाताला आला तो शब्द घेतला. आता दार उघडले आहे, तू 'भाकर'च लिही. इंग्रजांनी शिकावा तो शब्द. याच मुलीने प्रस्तावनेत बेबी कांबळे यांच्या आत्मकथनातून उतारे दिले होते, इंग्रजीतून. "मूळ 'जिणं आमुचं' वाचलेस का?" "नाही सर. अवतरण इंग्रजीतच द्यावे लागते ना." बौद्धवाड्यातली मराठी मुलगी, आणि बेबीताईंना भेटते ती माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादातून! अनुवाद चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. दोष त्या नियमाचा, जो कोठे लिहिलेला नाही आणि सर्वांना पाठ आहे.

शेवटचा प्रकल्प ऊसतोडीवरचा. त्याच्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहायला घेतला.

मुलगा बीड जिल्ह्यातला, मातंग समाजातला. लहानपणी सहा हंगाम आईबापांबरोबर फडावर गेलेला. प्रकल्प सर्जनशील या सदरात दिलेला. पहिल्या ३१ पानांत एका हंगामाचे कथन, आणि नंतर ११२ शब्दांचा कोश, मराठी शब्द देवनागरीत आणि अर्थ इंग्रजीत. कोश वर्णानुक्रमे नाही. पहिला शब्द 'उचल', म्हणजे मुकादमाने हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. मग 'टोळी', 'कोपी', 'फड', 'मोळी', 'वाढे'. शेवटचा शब्द 'बाकी', म्हणजे हंगाम संपल्यावरही फिटायची उरलेली रक्कम. त्या बाकीवर पुढल्या वर्षाची उचल. कोश म्हणजेच कथानक झाले आहे. 'कोयता' या शब्दाखाली तो लिहितो की हे अवजार आहे आणि मजूर मोजण्याचे मापही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा होतो म्हणून वहीत आईचे नाव नाही. 'खाडा' म्हणजे न भरलेला दिवस. मजुरी जाते आणि वर दंडही बसतो. आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द 'पिशवी'. अर्थ दोन दिले आहेत. एक, भाकरी बांधून न्यायची. दोन, गर्भाशय. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. मुलाने त्यातले काहीही लिहिलेले नाही. 'खाडा'च्या पुढे 'पिशवी' ठेवली आहे, बस्स.

दोष आहेत. इंग्रजीत क्रियापदे घसरतात. कथनाच्या मधोमध फूको उगाच येऊन उभा राहतो, त्याला तेथे काही काम नाही. आईचे चित्र थोडे देव्हाऱ्यात बसवल्यासारखे झाले आहे. ती कधी कोणावर खेकसत नाही, हे मला पटले नाही.

आम्ही दोन परीक्षक. दुसरे गृहस्थ अनुभवी, वागायला सभ्य. त्यांनी प्रकल्प मिटला आणि म्हणाले, "सर, हे समाजशास्त्र झाले. यात साहित्य कोठे आहे? आणि कोश वर्णानुक्रमे असायला नको?" मी बोललो. कोशाच्या क्रमाविषयी सांगितले. १९६८ साली नैरोबीच्या विद्यापीठात न्गुगी, तबान लो लियोंग आणि ओवुओर-अन्युंबा या तिघांनी इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिकी साहित्य आणि मौखिक परंपरा केंद्रस्थानी ठेवावी असे टिपण दिले होते, त्याची आठवण दिली. आपल्याच मराठवाड्यात म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांना मराठीत आणले आणि दलित साहित्याला एक सोबत मिळवून दिली, तेही सांगितले. इंग्रजी विभाग हे दार होते, सर, मी म्हणालो. ते म्हणाले, "ते सगळे बरोबर. पण गुणपत्रिकेत निकष आहेत ना. सैद्धान्तिक चौकट, वीस गुण. तिथे काय देणार?"

मला ७८ द्यायचे होते. त्यांचे ५२ होते. घासाघीस होऊन ६१ ठरले. चार वाजले होते, त्यांना बस पकडायची होती, शिपाई चहाचे कप गोळा करीत होता. मी सही केली. भिन्न मत नोंदवण्याची सोय त्या कागदावर होती की नाही, हे मी पाहिलेदेखील नाही. १९९३ साली मी स्वतःला गप्प केले होते. या वेळी दुसऱ्याच्या वतीने केले. निकष कोणी ठरवले हे विचारायला हवे होते. त्या अभ्यास मंडळावर आपलीही माणसे आहेत, त्यांना हा प्रश्न मी आता पत्राने विचारला आहे. चौकटीच्या वीस गुणांपैकी निदान दहा 'स्वतः जमवलेली सामग्री' या सदराखाली द्यावेत आणि मराठी मूळ अवतरणे ग्राह्य धरावीत, या दोन मागण्या केल्या आहेत. उत्तर आलेले नाही. ज्या वाचकांचा अशा मंडळांशी संबंध असेल, त्यांनी याच दोन मागण्या आपल्या नावाने पाठवाव्यात.

प्रकल्प विभागाच्या कपाटात ठेवतात. ठरलेली मुदत संपली की रद्दीत घालतात. म्हणून निघताना त्या मुलाकडून कोशाची एक प्रत मी मागून घेतली आणि तो येथे छापावा असे संपादकांना सुचवले. त्यांनी होकार दिला. मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "छापा सर, पण आठ दिवस थांबा. आईला सगळे वाचून दाखवले. 'मोळी'खाली मी नुसते वजन लिहिलंय. ती म्हणते, मोळी डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं, ते लिहिलंच नाहीस. आणखी तीन-चार ठिकाणी तिने चुका काढल्यात." त्या दुरुस्त्या हाती आल्या की यादी संपादकांकडे पाठवीन.